डोळ्याच्या पडद्याची शीर तुंबली: लगेच इंजेक्शन की वाट पाहायची? (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ग्रामीण रुग्णालयात लोकांची नजर तपासणं आणि गरज असेल त्याला पुढे पाठवणं, हे माझं रोजचं काम. नागपूरला, सेवाग्रामला किंवा यवतमाळला पाठवलेली माणसं तिथला कागद घेऊन फिरून माझ्याकडेच येतात आणि विचारतात, "सर, यात काय लिवलं हाय?" पडद्याची शीर तुंबलेल्यांच्या कागदावर बहुतेक वेळा दोनपैकी एक गोष्ट असते. एक तर डोळ्यात इंजेक्शन घ्या, नाहीतर सध्या काही नको, महिन्याने या. पहिलं वाचून लोक घाबरतात, दुसरं वाचून खूश होतात. माझ्या पाहण्यात डोळे जास्त गेले ते दुसऱ्या कागदवाल्यांचे. म्हणून हे पान.

शीर तुंबते म्हणजे नेमकं काय होतं?

डोळ्याच्या आत मागच्या बाजूला जो पातळ पडदा असतो, त्याला दृष्टिपटल किंवा रेटिना म्हणतात. त्याला रक्त आणून देणारी रोहिणी वेगळी आणि वापरलेलं रक्त परत नेणारी नीला वेगळी. तुंबते ती परत नेणारी. काळ्या जमिनीच्या शेतात पाणी येतंय, पण बाहेर काढणारी नाली गाळाने बुजली, तर काय होतं ते आपल्याकडे कोणाला सांगायला नको. रान चिबडतं. पडद्याचंही तसंच होतं: मागे दाब वाढतो, बारीक नळ्या फुटून रक्ताचे शिंतोडे उडतात, पाणी झिरपून पडदा सुजतो. आणि दाब फारच वाढला तर नवं रक्त आत यायलाही जागा उरत नाही, म्हणजे पडद्याचा काही भाग उपाशी पडतो.

सूज आणि उपासमार हे दोन शब्द लक्षात ठेवा. पुढचे सगळे निर्णय त्यांच्याभोवती फिरतात.

कागदावर 'बीआरव्हीओ' लिहिलंय, शेजाऱ्याच्या कागदावर 'सीआरव्हीओ'. फरक काय?

बीआरव्हीओ म्हणजे फांदी तुंबली, सीआरव्हीओ म्हणजे खोड. फांदी बहुधा तिथे तुंबते जिथे रोहिणी तिला ओलांडून जाते. दोघींवर आवरण एकच असतं. रक्तदाबाने रोहिणी कडक आणि जाड झाली की खालची मऊ नीला चेपली जाते. फांदीच्या दुखण्यात पडद्याचा एक तुकडा बिघडतो, खोडाच्या दुखण्यात चारही बाजू. साहजिकच खोडाचा आजार जास्त वाईट. मधला एक प्रकारही असतो, अर्धा पडदा व्यापणारा, आणि त्याच्याकडे खोडाच्या आजारासारखंच गंभीरपणे पाहतात.

मला तर काही दुखलंच नाही. मग कळणार कसं?

हीच तर पंचाईत आहे. दुखत नाही, डोळा लाल होत नाही, आणि दुसरा डोळा सगळं निभावून नेतो. एका शेतकऱ्याला कसं कळलं ते सांगतो. सप्टेंबरात फवारणी चालू होती, पंपाच्या नोझलमध्ये कचरा अडकला. त्याने नोझल काढलं, उजेडाकडे धरलं आणि डावा डोळा मिटून उजव्याने छिद्रातून पाहिलं. छिद्र दिसेना. त्याला वाटलं कचरा फारच घट्ट बसलाय, म्हणून तारेने खरवडलं, फुंकलं, परत पाहिलं. शेवटी डोळा बदलून पाहिल्यावर छिद्र स्वच्छ निघालं. मला सांगताना तो हसत होता, "नोझल साफच होतं, डोया जाम होता."

तो आठवडाभरात आला म्हणून बरं. बऱ्याच जणांना मधोमध धूसर दिसतं, सरळ रेघ वाकडी दिसते किंवा नजरेच्या वरच्या नाहीतर खालच्या अर्ध्या भागात सावली पडल्यासारखी वाटते. सकाळी उठल्यावर लक्षात आलं असं सांगणारेही पुष्कळ. औषधाच्या फवाऱ्याने झालं, असं फवारणीच्या दिवसांत हमखास वाटतं. पण फवारा डोळ्यात गेला तर आग होते, पाणी येतं, लाली येते. लाली नाही, आग नाही आणि तरी दिसत नाही, तर बिघाड आत आहे असं समजा.

अचानक दिसेनासं झालं तर किती वेळात पोचायला हवं?

त्याच दिवशी कोणीतरी डोळा पाहायला हवा. कारण घरबसल्या तुम्हाला नीला तुंबली की रोहिणी, हे कळणार नाही. रोहिणी बंद झाली तर काही क्षणांत डोळ्यासमोर जवळजवळ पूर्ण अंधार होतो. तो प्रकार लकव्याच्या जातीचा आहे, तिथे हिशोब तासांचा असतो आणि जागा मोठ्या रुग्णालयाची. त्यातही डोळ्याबरोबर हात-पाय लुळे पडले किंवा बोलणं अडखळलं तर डोळ्याच्या डॉक्टरकडे नाही, सरळ १०८ ला फोन. विजा चमकल्यासारखं दिसून मग बाजूने पडदा ओढल्यासारखं झालं, तर पडदा सुटल्याची शंका, तिथेही थांबायचं नाही.

निव्वळ नीला तुंबली असेल तर हिशोब तासांचा नाही, दिवसांचा आणि आठवड्यांचा आहे. रात्री बारा वाजता जीप भाड्याने करून नागपूर गाठण्याची गरज नसते. पण 'सोयाबीन निघू द्या, मग पाहू' हेही चालत नाही. पडद्याच्या डॉक्टरांनी दोन-चार दिवसांत, फार तर आठवड्यात पाहावं, असं मी माझ्या पेशंटला सांगतो.

'लगेच उपचार' हे डॉक्टर कशावरून ठरवतात?

पहिली गोष्ट म्हणजे मधोमध सूज आहे का. पडद्याच्या बरोबर मध्यावर मॅक्युला नावाची छोटी जागा असते. वाचणं, सुईत दोरा ओवणं, माणसाचा चेहरा ओळखणं ही सगळी कामं तिची. तिथे सूज आहे आणि त्यामुळे नजर उतरली आहे, म्हणजे तक्ता ६/१२ किंवा त्याहून खाली वाचला जातोय (६/६ म्हणजे पूर्ण नजर, खालचा आकडा जितका मोठा तितकी नजर कमी), तर आजकाल वाट पाहत नाहीत. इंजेक्शन सुरू करतात.

दुसरी गोष्ट उपासमारीची, आणि माझ्या मते साध्या तपासणीत सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते हिच्याकडे. किती भाग रक्ताविना आहे याचा पहिला अंदाज कोणत्याही मोठ्या मशीनशिवाय येतो. नजर ६/६० पेक्षा कमी असणं ही एक खूण. दुसरी खूण बाहुलीची: अंधाऱ्या खोलीत बॅटरीचा उजेड एका डोळ्यावरून दुसऱ्यावर फिरवला की आजारी डोळ्याची बाहुली आकसायच्या ऐवजी पसरते. ही तपासणी बाहुली मोठी करायचं औषध टाकण्याआधीच करावी लागते, नंतर तिचा उपयोग नाही. पुढे आत पाहिल्यावर पांढरे मऊ ठिपके जास्त दिसले तर तेही उपासमारीकडेच बोट दाखवतात. इंग्रजीत त्यांना 'कॉटन वूल स्पॉट' म्हणतात. हे मी एका काकांना सांगितलं तर म्हणाले, "डोयातबी कापूसच निंगाला काय बाप्पा, अन् भाव?"

तिसरी गोष्ट सर्वांत तातडीची. उपाशी पडदा रक्तासाठी हाका मारतो, त्या हाकेला व्हीईजीएफ हे रसायन म्हणतात. त्याने नव्या रक्तवाहिन्या उगवतात, पण नको तिथे आणि अगदी ठिसूळ. पडद्यावर उगवल्या तर फुटून डोळ्यात रक्त भरतं. बुबुळाच्या रंगीत पडद्यावर आणि डोळ्याच्या कोनात उगवल्या तर डोळ्यातलं पाणी बाहेर जायची वाट बंद होते आणि दाब प्रचंड वाढतो. खोडाच्या आजारानंतर साधारण तीन महिन्यांच्या सुमारास हे होतं म्हणून जुनी डॉक्टर मंडळी याला नव्वद दिवसांचा काचबिंदू म्हणतात. अशा नव्या वाहिन्या दिसल्या की लेझर आणि इंजेक्शन त्याच आठवड्यात, शक्यतो त्याच दिवशी. डोळा लाल, दुखणं असह्य, उलटी होतेय अशी अवस्था आली तर ती आणीबाणी आहे. त्या वेळी लढाई बहुतेकदा नजरेची राहिलेली नसते, डोळा आणि दुखणं सांभाळण्याची असते.

लवकर इंजेक्शन दिल्याने खरंच फरक पडतो, की दुकानदारी आहे?

प्रश्न रास्त आहे, त्यामुळे उत्तर आकड्यांतच देतो. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या 'क्रूझ' नावाच्या अभ्यासात खोडाची शीर तुंबलेल्या, सूज असलेल्या रुग्णांचे गट केले होते. एका गटाला सहा महिने दर महिन्याला रॅनिबिझुमॅबचं इंजेक्शन दिलं, दुसऱ्याला नुसतं दिल्यासारखं केलं. सहा महिन्यांनी पहिला गट तक्त्यावर सरासरी जवळपास १५ अक्षरं पुढे गेला, म्हणजे तीन ओळी. दुसरा एक अक्षरही पुढे सरकला नाही. मग दुसऱ्या गटालाही खरं इंजेक्शन सुरू केलं. वर्षअखेरीस ते सुमारे ७ अक्षरांवर पोचले, पहिले सुमारे १४ वर होते. सहा महिन्यांचा उशीर पुरता भरून निघाला नाही. फांदीच्या आजारावर झालेल्या 'ब्राव्हो' अभ्यासात उशिरा सुरू केलेल्यांची वसुली बरी होती, १२ अक्षरं, पण वेळेवर सुरू केलेल्यांची १८.

म्हणजे आठ दिवसांनी बिघडत नाही, सहा महिन्यांनी बिघडतं. मधल्या काळात नेमकं कधी हे प्रत्येक डोळ्याचं वेगळं असतं, म्हणून निर्णय झाल्यावर मी तरी महिना टाळू नका असंच सांगतो.

मग मला 'सध्या काही नको' का सांगितलं? माझ्याकडे पैसे नाहीत असं वाटलं का त्यांना?

नाही हो. फांदीचा आजार कडेच्या भागात असेल, मध्यावर सूज नसेल आणि नजर ६/६ किंवा ६/९ असेल, तर सुई टोचून मिळवायचं काय? इंजेक्शन सुजेवर काम करतं, ते शीर मोकळी करत नाही. शीर कधी आपोआप थोडी मोकळी होते, कधी बाजूच्या बारीक वाहिन्या रुंदावून रक्ताला दुसरी वाट काढून देतात. बांध फोडून पाणी वाट काढतं तसंच. फांदीच्या आजारात सूजही काहींची आपसूक उतरते. १९८४ च्या अमेरिकन अभ्यासात, इंजेक्शनं आली नव्हती तेव्हा, लेझर न केलेल्या डोळ्यांपैकीही ३७ टक्के दोन ओळी सुधारले होते. लेझर केलेल्यांत हे प्रमाण ६५ टक्के होतं. त्या काळी तीन महिने थांबून मगच लेझर करत, आणि अजूनही काही ठिकाणी 'तीन महिने थांबा' सांगतात ते तिथून आलेलं आहे. मधोमध सूज असून नजर उतरली असेल तर आज तो सल्ला जुना झाला.

आणखी एक प्रकार आहे, सांगायला जड जातो. वर्ष-दोन वर्षं उलटून गेलेली असतात, मॅक्युलाच्या पेशी वाळून गेलेल्या असतात. तिथे डॉक्टर इंजेक्शन नको म्हणतात ते फायदा नाही म्हणून. घरी विकायला बैल काढायच्या आधी डॉक्टरांना स्पष्ट विचारावं, 'यातून नजर किती येईल?' चांगला डॉक्टर या प्रश्नावर रागावत नाही.

थांबायचं म्हणजे किती दिवस? मधे काय करायचं?

खोडाच्या आजारात पहिले सहा महिने साधारण दर महिन्याला तपासणी. फांदीच्या सौम्य आजारात पहिल्यांदा महिना-दीड महिन्याने, मग दोन-तीन महिन्यांनी. हा आकडा डॉक्टर ठरवतील. पण 'त्रास झाला तर या' एवढंच सांगितलं असेल तर तारीख मागून घ्या.

तारीख मागा हे मी का सांगतो ते ऐका. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे पन्नाशीतला एक माणूस आला होता. खोडाचा आजार, पण सौम्य, नजर ६/१८. वर पाठवलं, तिथून कागद आला की सध्या निरीक्षण. त्याने मला विचारलं, "म्हणजे भेव नाई ना?" आणि मी म्हणालो, "नाही, आराम करा, पुढे दाखवत राहा." मे महिना संपत आला होता. पुढे पेरणी, मग डवरणी, निंदण. तो आला पोळ्यानंतर, बायकोचा हात धरून, डोळ्यावर ओला रुमाल दाबून. बुबुळावर लाल जाळं बॅटरीच्या उजेडातही दिसत होतं. 'पुढे दाखवत राहा' याऐवजी मी 'पंचवीस जूनला, मंगळवारी' म्हणालो असतो तर तो आलाही असता. तेव्हापासून मी कागदावर तारीख लाल पेनाने लिहितो आणि गावच्या आशाताईचा नंबर विचारून घेतो.

सौम्य आजार सौम्यच राहील याची हमी नसते, हे मोजूनही पाहिलेलं आहे. अमेरिकेतल्या सीव्हीओएस अभ्यासात सुरुवातीला रक्तपुरवठा ठीक असलेल्या खोडाच्या आजारांपैकी ३४ टक्के तीन वर्षांत उपाशी गटात गेले, त्यातले जवळपास अर्धे पहिल्या चार महिन्यांतच. त्याच अभ्यासात, सुरुवातीला ६/१२ किंवा त्याहून बरी नजर असलेल्यांपैकी ६५ टक्क्यांनी ती टिकवली. ६/६० पेक्षा खाली असलेल्यांपैकी ८० टक्के तिथेच राहिले. त्यामुळे पहिल्या दिवशीची नजर नीट लिहून ठेवलेली असणं फार महत्त्वाचं. तो पहिला कागद हरवू नका, रेशनकार्डासोबत ठेवा.

ओसीटीच्या कागदावर ५४० लिहिलंय. जास्त आहे का?

ओसीटी म्हणजे पडद्याचा उभा छेद दाखवणारा फोटो. सुई नाही, हनुवटी टेकवून मिनिटभर एका ठिपक्याकडे पाहायचं. तो आकडा मध्यावरची जाडी मायक्रॉनमध्ये सांगतो. निरोगी डोळ्यात ती अडीचशे-पावणेतीनशेच्या आसपास असते, मशीनप्रमाणे थोडी इकडे-तिकडे. ५४० म्हणजे सूज चांगलीच आहे. पण आकडा एकटा पाहू नका. ३२० असून नजर ६/३६ असलेला डोळा आणि ४०० असून ६/९ वाचणारा डोळा, दोन्ही मी पाहिलेत. दर वेळी शक्यतो त्याच मशीनवर काढा, म्हणजे तुलना खरी होते.

हातात पिवळं औषध टोचून फोटो काढतात, ते कशाला? लघवी पिवळी झाली.

त्याला अँजिओग्राफी म्हणतात, पण हृदयाची नव्हे. फ्लुरोसीन नावाचं रंगद्रव्य शिरेतून देऊन पडद्याचा कोणता भाग उपाशी आहे ते पाहतात. लघवी आणि कातडी दिवसभर पिवळसर राहते, ती कावीळ नव्हे. आधी कोणत्या औषधाची ॲलर्जी आली असेल तर सांगा. पडद्यावर खूप रक्त सांडलेलं असेल तर हा फोटो थोडा उशिरा काढतात, रक्ताआड काही दिसत नाही म्हणून.

डोळ्यात इंजेक्शन! दुखतं का? किती घ्यावी लागतात?

बधिर करणारे थेंब टाकतात, पोव्हिडोन आयोडिनने डोळा स्वच्छ करतात, बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटरवर पांढऱ्या भागातून बारीक सुई जाते. औषध फक्त ०.०५ मिली, म्हणजे एखादा थेंब. बहुतेक जण बाहेर येऊन म्हणतात, आयोडिनच जास्त झोंबलं.

किती, याचं खरं उत्तर 'सुरुवातीला दर महिन्याला, पुढे डोळा सांगेल तसं' असं आहे. सहसा पहिले तीन ते सहा महिने दर महिन्याला, मग अंतर वाढवत नेतात. एका सुईत बरं झालं असं क्वचितच होतं. पहिल्या इंजेक्शननंतर नजर सुधारते, लोक खूश होऊन येणं बंद करतात, आणि औषध उतरलं की सूज परत येते. मग 'इंजेक्शननेच बिघडलं' म्हणतात.

औषधं मुख्यतः तीन: बेव्हॅसिझुमॅब, रॅनिबिझुमॅब, अफ्लिबरसेप्ट. बेव्हॅसिझुमॅब मूळ कॅन्सरचं औषध, मोठ्या बाटलीतून छोट्या डोसमध्ये भरून वापरतात, त्यामुळे इतरांपेक्षा कितीतरी स्वस्त. रॅनिबिझुमॅबचं भारतात बनलेलं रूपही मिळतं, मूळ ब्रँडपेक्षा कमी किमतीत. स्वस्त म्हणजे हलकं असा समज करून घेऊ नका: २०१७ च्या 'स्कोअर-२' अभ्यासात खोडाच्या आजारात सहा महिन्यांनी बेव्हॅसिझुमॅब अफ्लिबरसेप्टपेक्षा कमी पडलं नाही. फक्त ते निर्जंतुक पद्धतीने भरलेलं असावं, म्हणून जिथे हे नियमित केलं जातं तिथेच घ्यावं. महाग औषधाचं एक इंजेक्शन घेऊन थांबण्यापेक्षा स्वस्ताची सहा पूर्ण केलेली बरी, हे माझं स्पष्ट मत आहे. हल्ली-हल्लीत लकवा किंवा हार्ट अटॅक येऊन गेला असेल, किंवा गरोदरपण असेल, तर आधी सांगा.

दर महिन्याला दीडशे किलोमीटर जमणार नाही. काही दुसरा मार्ग?

आहे, आणि लाजेपोटी गप्प बसण्यापेक्षा पहिल्याच भेटीत हे बोला. डेक्सामेथासोन या स्टिरॉइडची तांदळाच्या तुकड्याएवढी कांडी डोळ्यात सोडतात, तिचा असर तीन-चार महिने राहतो. महिन्याला येऊ न शकणाऱ्यासाठी सोयीची. तोटा असा की डोळ्यातला दाब वाढू शकतो, साधारण दोन महिन्यांनी सर्वांत जास्त, आणि मोतीबिंदू लवकर येतो. म्हणजे दाब मोजायला मधे एकदा यायचंच, पण ते जवळच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात होऊ शकतं. काचबिंदू असलेल्याला ही कांडी सहसा देत नाहीत.

प्रवासाचं म्हणाल तर एसटीत महिलांना २०२३ पासून अर्धं तिकीट आहे, ६५ च्या पुढे ज्येष्ठांना अर्धं आणि ७५ पूर्ण झालेल्यांना २०२२ पासून मोफत. आधारकार्ड सोबत ठेवा. परतताना मोटारसायकल स्वतः चालवू नका, बाहुली मोठी केलेली असते, चार-सहा तास डोळे दिपतात.

खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राच्या टेबलावर आधी विचारा, तुमच्या कागदावर लिहिलेला उपचार योजनेत बसतो का. ॲडमिट झाल्यावर नाही, आधी. सरकारी मेडिकल कॉलेजच्या नेत्रविभागातही खर्च खासगीपेक्षा बराच कमी येतो.

इंजेक्शननंतर शेतात कधी जाऊ?

तीन-चार दिवस धूळ, फवारणी, गोठ्याची झाडलोट आणि डोक्यावरून पाणी टाळा. धान रोवणीच्या दिवसांत चिखलाचा हात डोळ्याला लागतोच, त्यामुळे पूर्वेकडच्या मंडळींनी एक आठवडा धरावा. पांढऱ्या भागावर लाल डाग पडला किंवा दोन दिवस काळा बुडबुडा तरंगला तर काळजी नको. पण पहिल्या आठवड्यात दुखणं वाढत गेलं, लाली वाढली, नजर उतरली, तर त्याच दिवशी जिथे टोचलं तिथे परत. आत जंतू शिरणं काही हजारांत एखाद्याला होतं, मात्र झालं तर तिथे हिशोब तासांचाच असतो.

मग लेझर कधी करतात?

नव्या वाहिन्या उगवल्यावर उपाशी भागावर करतात, म्हणजे रक्तासाठीची हाक थांबते. त्याने नजर वाढत नाही, डोळा वाचतो. खोडाच्या आजारातल्या सुजेवर लेझरचा फायदा नाही. फांदीच्या सुजेवर होतो, पण इंजेक्शननंतरचा पर्याय म्हणून.

रक्त पातळ करायची गोळी, थेंब, मध, कोथिंबिरीचा रस?

ॲस्पिरिनने ही शीर मोकळी होत नाही. हृदयासाठी चालू असेल तर मनाने बंदही करू नका. थेंब पडद्यापर्यंत पोचत नाहीत. मध पोळीला लावा.

बीपीची गोळी चालू आहे, तरी झालं. मग गोळीचा उपयोग काय?

गोळी चालू असणं आणि बीपी ताब्यात असणं यात फरक आहे. 'डोकं दुखलं की घेतो' असं सांगणारे माझ्याकडे रोज येतात. शीर तुंबलेल्या प्रत्येकाचं बीपी, साखर, चरबी तपासायला हवी, आणि दोन्ही डोळ्यांचा दाबही, कारण काचबिंदू हे या आजाराचं एक कारण आहे. बिडी-सिगारेट बंद. खर्र्याचं काय, असं विचारतात. तंबाखू चघळली तरी निकोटिन रक्तदाब वाढवतंच, आणि दिवसाला पाच पुड्या खाणाऱ्याचं बीपी दोन गोळ्यांनी आवरत नाही.

माझा मुलगा अठ्ठावीसचा आहे. या वयात होतं?

कमी होतं, पण होतं. तेव्हा रक्त गोठण्याचे दोष, रक्तात होमोसिस्टीन नावाचं द्रव्य वाढणं, मुलींमध्ये गर्भनिरोधक गोळ्या अशी कारणं शोधावी लागतात. आपल्या भागात, विशेषतः गडचिरोली, चंद्रपूर, गोंदियाकडे सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार पुष्कळ आहे. तो पडद्याच्या कडेच्या बारीक रक्तवाहिन्या बंद करतो आणि तिथेही नव्या ठिसूळ वाहिन्या उगवतात. घरात कोणाला सिकलसेल असेल तर विचारायची वाट न पाहता सांगा.

शिबिरात मोतीबिंदू म्हणाले. ऑपरेशन करून टाकू का?

मोतीबिंदू हळूहळू येतो. ज्याला नेमका दिवस सांगता येतो, 'पोळ्याच्या आदल्या दिवशी दिसेनासं झालं', त्याचा दोष एकट्या मोतीबिंदूवर टाकू नका. मोतीबिंदू असेलही, पण मागे पडदाही बिघडलेला असू शकतो. सूज असताना ऑपरेशन केलं तर ती वाढू शकते. म्हणून आधी मागचा पडदा पाहून घ्या. मोतीबिंदू फारच पिकलेला असेल आणि मागचं दिसतच नसेल तर सोनोग्राफी करतात.

दुसऱ्या डोळ्यालाही होईल का? घरी काही तपासता येतं?

होऊ शकतं, कारण बीपी दोन्ही डोळ्यांना एकच आहे. घरी तपासणं सोपं आहे. रोज सकाळी तोंड धुतल्यावर एक डोळा तळहाताने झाकायचा, दाबायचा नाही, आणि दाराच्या चौकटीकडे किंवा छपराच्या पत्र्याच्या नाल्यांकडे पाहायचं. मग दुसरा. रेघ मधेच वाकली, तुटली, कालपेक्षा पुसट झाली, तर त्या दिवशीची एसटी पकडायची. वाचता येणाऱ्याने भिंतीवरच्या कॅलेंडरचे आकडे ठरलेल्या जागी उभं राहून वाचावेत. त्या शेतकऱ्याच्या बायकोने तर युक्ती केली आहे: सकाळी चहा देताना ती त्याच्यासमोर नोझल धरते.